तेलगोळा उचलण्याआधी

मे संपत आला की वारा नैर्ऋत्येकडून भरतो आणि रायगडपासून गोव्यापर्यंतच्या पुळणींवर भरतीच्या रेषेला काळे गोळे दिसायला लागतात. काही वाटाण्याएवढे असतात, काही चेंडूएवढे, आणि एखाद्या वर्षी थाळीएवढे थापेही येतात. वरून कडक, आत मऊ. पाय पडला की तळव्याला चिकटतात आणि साबणाने निघत नाहीत. दोन-चार दिवस बातम्या येतात. कुठे ट्रॅक्टर फिरतो, कुठे खड्डा खणून गोळे पुरले जातात आणि प्रकरण मिटतं. पुढच्या जूनला परत तेच.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तेलगोळा हा कचरा नव्हे. ते कुठल्या तरी जहाजाचं किंवा विहिरीचं तेल आहे आणि ते कुणाचं हे त्या गोळ्यातूनच शोधता येतं. नमुना न घेता किनारा साफ करणं म्हणजे पुरावा आपल्याच हाताने पुसणं. म्हणून क्रम असा हवा: आधी नोंद, मग नमुना, त्यानंतर फावडं.

गोळा तयार कसा होतो ते आधी पाहू, कारण सफाईतल्या बहुतेक चुका तिथेच उलगडतात. समुद्रात तेल सांडलं की त्यातला हलका भाग उडून जातो. हलक्या कच्च्या तेलाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग पहिल्या दोन-चार दिवसांत हवेत जातो. उरलेलं तेल लाटांच्या घुसळणीत पाणी पिऊन फुगतं आणि त्याचा तपकिरी, लोण्यासारखा लगदा होतो. या लगद्यात सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत पाणीच असू शकतं, म्हणजे एक बादली तेलाच्या तीन ते पाच बादल्या घाण होते. ऊन लागून वरचा थर कडक होतो, लाटा त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे लोळत लोळत गोल होतात. किनाऱ्याजवळ वाळू चिकटली की जड होऊन काही बुडतात आणि पुढच्या उधाणाला वर येतात. म्हणूनच आज लख्ख दिसणारी पुळण चार दिवसांनी परत काळी होते. दर वेळी नवं तेल सांडलेलं असतंच असं नाही.

पावसाळ्यातच का? तरंगतं तेल वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने वाहतं आणि त्यात प्रवाहाची भर पडते. सेकंदाला दहा मीटर वारा असेल तर तेल सेकंदाला तीस सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे २६ किलोमीटर सरकतं. बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. तिथलं तेल आठवड्याभरात किनारा गाठू शकतं. पण ते समोरच्याच गावात लागत नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, त्यामुळे मुंबईसमोर सांडलेलं रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात उगवतं. हिवाळ्यात हाच प्रवाह उत्तरेकडे फिरतो आणि वाराही किनाऱ्याकडे ढकलत नाही, तेव्हा किनारे तुलनेने स्वच्छ दिसतात. समुद्रात काही सांडत नाही असा त्याचा अर्थ नाही. फक्त ते आपल्या अंगणात येत नाही.

दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या गोळ्यांची रासायनिक ओळख पटवली आहे. काही वर्षांचे गोळे आग्नेय आशियातल्या कच्च्या तेलाशी जुळले, म्हणजे टाक्या धुऊन जाणाऱ्या तेलवाहू जहाजांकडे बोट गेलं. काही गोळे बॉम्बे हायच्या तेलाशी जुळले. म्हणजे एकाच पुळणीवर दोन वेगळे गुन्हे येऊन पडतात आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच काळे दिसतात.

मोठे अपघात लक्षात राहतात. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. ४ ऑगस्ट २०११ ला कोळशाने भरलेलं रॅक कॅरियर मुंबईसमोर बुडालं. मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा-३ कोचीसमोर बुडालं आणि प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यांची पोती केरळच्या किनाऱ्याला लागली. अशा वेळी जहाजाचं नाव, मालक, विमा सगळं हातात असतं. दरवर्षीच्या तेलगोळ्यांना मात्र नाव नसतं आणि म्हणूनच त्यांची जबाबदारी कुणाच्याच टेबलावर जात नाही. समुद्रातला तवंग तटरक्षक दलाकडे, बंदराच्या हद्दीतला बंदराकडे, किनाऱ्यावरचा राज्य सरकार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, अशी वाटणी आहे. तेल जिथे सांडलं त्या जागेवर कुणी नसतं आणि जिथे लागलं तिथे फक्त ग्रामपंचायत असते.

जहाजावर हे तेल येतं कुठून, तेही समजून घ्यायला हवं. जड इंधन जाळणारं जहाज ते इंधन आधी शुद्ध करतं आणि त्यातून गाळ निघतो. गाळाची टाकी केवढी असावी हे ठरवताना आंतरराष्ट्रीय नियम रोजच्या इंधनाच्या दीड टक्का गाळ धरतो. रोज ४० टन जाळणाऱ्या जहाजाचा हा गाळ दिवसाला ६०० किलो, दहा दिवसांच्या प्रवासात सहा टन. तो समुद्रात टाकायला पूर्ण बंदी आहे. जाळायचा, नाहीतर बंदरात उतरवायचा. इंजिनखोलीच्या तळाशी साचणारं तेलकट पाणी मात्र यंत्रातून गाळून सोडता येतं, पण दहा लाख भागांत तेल पंधरा भागांच्या वर नको. ही यंत्रं तुंबतात, त्यांचे फिल्टर महाग असतात. मग कुणीतरी यंत्राला वळसा घालून थेट बाहेर जाणारा पाइप जोडतं. नाविकांच्या बोलीत तो ‘मॅजिक पाइप’. तेलाच्या नोंदवहीत मात्र सगळं नियमात लिहिलेलं असतं. ही वही शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षं जपावी लागते, आणि जगभरात अशी प्रकरणं बहुतेकदा वही व टाकीची पातळी यांचा ताळा न जमल्यानेच उघड झाली आहेत.

दुसरा मार्ग कायदेशीर आहे आणि तो मला जास्त खुपतो. तेलवाहू जहाजाला ‘विशेष क्षेत्रा’बाहेर, म्हणजे तेल सोडण्याचे नियम जास्त कडक असलेल्या समुद्रांच्या बाहेर, किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या पलीकडे, चालत्या स्थितीत टाक्यांच्या धुवणातलं तेल मैलाला ३० लिटरपर्यंत सोडता येतं. एकूण मर्यादा वाहून नेलेल्या मालाच्या तीस हजाराव्या भागाची. नव्वद हजार टन नेलेल्या जहाजासाठी तीन टन. ५० सागरी मैल म्हणजे जेमतेम ९३ किलोमीटर, वर काढलेल्या हिशेबाने चार दिवसांचं अंतर. भूमध्य, बाल्टिक, काळा समुद्र, आखात यांना विशेष क्षेत्राचं कवच आहे. २००४ साली ओमानलगतचा अरबी समुद्रही त्या यादीत घातला गेला. भारताच्या बाजूचा अरबी समुद्र यादीत नाही.

आणि यादीत नाव गेलं म्हणजे काम झालं असंही नाही. आखाताला विशेष क्षेत्र ठरवलं १९७३ साली, नियम प्रत्यक्ष लागू झाले १ ऑगस्ट २००८ ला. अट अशी, की भोवतालच्या देशांनी आपापल्या बंदरांत जहाजांची तेलकट घाण उतरवून घेण्याची सोय आधी उभी करायची. टाकायला बंदी आणि उतरवायला जागा नाही, असं चालत नाही. बाल्टिकच्या देशांनी यावर साधी युक्ती काढली. घाण उतरवण्याचं शुल्क बंदराच्या शुल्कातच धरलं. उतरवा किंवा नका उतरवू, पैसे तेवढेच. मग समुद्रात टाकून वाचणार काय? आपल्या बंदरांनीही हेच करावं असं मला ठामपणे वाटतं.

अरबी समुद्राची अडचण अशी, की तो एका चौकटीत बसत नाही. आखाताच्या बाजूचे देश १९७८ च्या कुवेत कराराने बांधलेले आहेत. आपण, पाकिस्तान, मालदीव, श्रीलंका आणि बांगलादेश १९९५ च्या दक्षिण आशियाई सागर कृती आराखड्यात आहोत आणि त्यामागे बंधनकारक प्रादेशिक करार नाही. तेल मात्र एकाच पाण्यातून वाहतं.

उपग्रहावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. ढगांमुळे साधी छायाचित्रं पावसाळ्यात निरुपयोगी ठरतात. रडार ढगांतून पाहतं. तवंगामुळे बारीक लाटा दबतात आणि तिथे काळा डाग उमटतो. पण त्यासाठी वारा सेकंदाला तीन ते दहा मीटरच्या दरम्यान हवा. त्याहून कमी असेल तर सगळंच पाणी काळं दिसतं, जास्त असेल तर लाटा तवंग मोडून टाकतात. जून-जुलैचा वारा कितीतरी दिवस या मर्यादेच्या वर असतो. तेल सोडणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. म्हणून किनाऱ्यावर उचललेल्या नमुन्याचं मोल मोठं.

नमुना असा घ्यावा. झाकणाची काचेची बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायची. जॅमची चालते, लोणच्याची नको, कारण तेलाचा अंश राहतो. झाकणाच्या आतून अॅल्युमिनियमची फॉइल लावायची. प्लास्टिकची पिशवी किंवा डबा वापरू नये. प्लास्टिकातले पदार्थ तेलात उतरतात आणि तपासणी बिघडते. गोळा फोडून आतल्या मऊ भागातून दहा-वीस ग्रॅम घ्यायचं, वरची साल उन्हाने बदललेली असते. एका जागेचे तीन वेगवेगळे गोळे, तीन बाटल्या. चिठ्ठीवर जागा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, भरतीची स्थिती आणि घेणाऱ्याची सही. फोटोत शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवावं. बाटली अंधारात, फ्रिजमध्ये. कुणाच्या हातून कुणाकडे गेली याची नोंद तुटली तर पुढे तो नमुना पुरावा म्हणून टिकत नाही. प्रयोगशाळेत होपेन आणि स्टेरेन या गटांतल्या रेणूंचं परस्पर प्रमाण पाहतात. महिनाभर समुद्रात लोळूनही ते फारसं बदलत नाही आणि प्रत्येक तेलक्षेत्राचं वेगळं असतं.

कळवायचं कुणाला? समुद्रात तवंग दिसला तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर. किनाऱ्यावर गोळे असतील तर तहसीलदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, दोन्हींकडे लेखी. तोंडी सांगितलेलं फाइलीत जात नाही.

मोजमापही करावं, आणि त्याला यंत्र लागत नाही. भरतीच्या रेषेवर १०० मीटरची दोरी टाका. १०, ३०, ५०, ७० आणि ९० मीटरवर एक मीटर लांबीरुंदीचे चौकोन आखा, त्यातले सगळे गोळे वेचून तोला आणि ‘वाळूसकट’ असं स्पष्ट लिहा. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, भरतीच्या त्याच स्थितीत. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांतलं माप उधाणाच्या मापाशी ताडून पाहिलं की आकडे फसवतात, कारण उधाणाचं पाणी गोळे कितीतरी वर नेऊन टाकतं. मुंबई-रायगडकडे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, गोव्यात ते दोन-अडीच मीटरच्या आसपास. त्यामुळे उत्तरेकडच्या सपाट किनाऱ्यांवर गोळे रुंद पट्ट्यात विखुरतात आणि दक्षिणेकडे अरुंद ओळीत साठतात. दोरी कुठे टाकायची हे त्यावर ठरतं.

आता सफाई. सकाळी लवकर, पाणी ओसरायला लागल्यावर सुरुवात करावी. गार असताना गोळा कडक असतो आणि अख्खा उचलला जातो. उघडीप पडून ऊन तापलं की तो वितळून वाळूत मुरतो आणि मग खरवडावा लागतो. हत्यारं साधी: बारीक दातांचा पंजा, लहान थापी, घमेलं. चाळणी पावसाळ्यात कामाची नाही, ओली वाळू तिच्यातून खाली पडत नाही. ती ऑक्टोबरसाठी ठेवावी, पाच मिलिमीटर भोकांची. हातात नायट्राइलचे मोजे, पायात गमबूट. पातळ लॅटेक्सचे मोजे तेलाने फुगून फाटतात. कातडीला लागलं तर खोबरेल किंवा कुठलंही खाण्याचं तेल चोळून पुसायचं, मग साबण. रॉकेल, पेट्रोल, थिनर अजिबात नाही. ते त्वचेतून आत जातात आणि डांबरातले घातक पदार्थही सोबत नेतात. शाळेच्या मुलांना या कामावर आणू नये. प्लास्टिक वेचायला जरूर आणा, तेलाला नको.

जेसीबी आणि ट्रॅक्टर हा सगळ्यात महाग चुकीचा मार्ग. बादलीत मूठभर तेल आणि बाकी सगळी वाळू येते, चाकांखाली उरलेले गोळे वीतभर खाली दाबले जातात आणि कुर्ल्यांची बिळं, तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, वस्ती चिरडली जाते. तिसऱ्या वेचून घर चालवणाऱ्या बायकांचं ते नुकसान कुठल्याही पंचनाम्यात येत नाही. मे महिन्यात आणखी एक जपायला हवं: वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची उशिराची घरटी तेव्हा फुटत असतात. भरतीच्या रेषेच्या वर कुठलंही यंत्र नको, आणि पिल्लं पाण्याकडे जाणार असतील तो पट्टा आधी हाताने साफ करावा. चिकट तेल पिल्लाच्या तोंडात आणि वल्ह्यांवर बसलं तर ते जगत नाही.

खडपांवर हात आवरता घ्यावा. गरम पाण्याचा जोरदार फवारा तेल काढतो, पण त्यासोबत खडकावरचं सगळं जिवंत काढून टाकतो. १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डीझ गळतीनंतर अलास्कात याचा धडा मिळाला आहे. जाड थापे खरवडून घ्या, बाकीचं लाटांवर सोडा. कांदळवनात तर शिरूच नये. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांच्यावरचं तेल भरती हळूहळू धुऊन नेते, पण माणसाच्या पायाने ते चिखलात दाबलं गेलं की तिथे हवा नसल्यामुळे वर्षानुवर्षं कुजत नाही. बाहेरच्या कडेला शोषक दोर लावून नवं तेल आत येऊ न देणं, एवढंच करण्यासारखं असतं. तेल फोडणारी रसायनं किनाऱ्यावर मारू नयेत. ती ताज्या, पातळ तेलासाठी आणि खोल पाण्यासाठी असतात. गोळ्यावर त्यांचा काही परिणाम होत नाही आणि वाळूतलं तेल आणखी खोल जातं.

उचललेला माल कुठे जाणार हे ठरल्याशिवाय काम सुरू करू नका. सगळीकडे हेच फसतं. पिशव्या भरून किनाऱ्यावर राहतात, उन्हाने फाटतात, कुत्री ओढतात आणि पुढच्या उधाणाला सगळं परत पाण्यात. गोणपाट गळतो. खताच्या विणलेल्या पोत्यात आतून जाड प्लास्टिकची पिशवी, वजन दहा किलोच्या वर नको. साठवण उधाणाच्या रेषेच्या बरीच वर, खाली ताडपत्री, कडेला मातीचा बांध, वर छप्पर. पावसाचं पाणी शिरलं की तेल बाहेर झिरपतं. हा माल घातक कचरा धरून २०१६ च्या नियमांप्रमाणे पाठवावा लागतो आणि ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही. तळोजासारख्या सामायिक केंद्रात नेता येतो, किंवा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून. भट्टीवाले जास्त वाळूचा माल नाकारतात, म्हणजे हाताने नीट वेचण्याचा फायदा इथेही आहे. जाळणं आणि पुरणं दोन्ही बेकायदा आहे.

खर्च कोण देणार हा प्रश्न नमुन्याशीच येऊन भिडतो. तेलवाहू जहाजांच्या गळतीसाठी १९९२ चा आंतरराष्ट्रीय निधी आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. जहाजाचं नाव कळलं नाही तरी हा निधी भरपाई देऊ शकतो, मात्र ते टिकाऊ (सहजी उडून न जाणारं) तेल तेलवाहू जहाजाचंच होतं हे दावा करणाऱ्याने सिद्ध करायचं. नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. मजुरीची हजेरी, पोत्यांची संख्या, वाहतुकीच्या पावत्या, खराब झालेल्या रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या) जाळ्यांचे फोटो, बुडालेल्या दिवसांचा हिशेब, हे सगळं त्या आठवड्यातच लिहिलेलं हवं. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं टिकत नाही.

आपल्या धक्क्याचंही पाहायला हवं. ट्रॉलरच्या इंजिनातून एका तेलबदलीला दहा ते वीस लिटर जळकं तेल निघतं. धक्क्यावर दीडशे बोटी असतील तर एका फेरीत दीड ते तीन हजार लिटर. जळक्या तेलाला भाव आहे, ते विकत घेणारे आहेत, तरी पुष्कळसं तेल खाडीत जातं, कारण ठेवलेला पिंप उघडा असतो, त्यात पावसाचं पाणी आणि फिल्टर पडतात आणि पाणी मिसळलेलं तेल खरेदीदार नाकारतो. पिंपाला छप्पर, वर जाळीचं नरसाळं, फिल्टरला वेगळा डबा आणि एका माणसाकडे किल्ली, इतकं पुरतं. इंजिनखाली पत्र्याचा ट्रे ठेवला की तळाच्या पाण्यात तेल उतरतच नाही. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी हीच या दुरुस्तीची वेळ, बोटी तेव्हा शाकारून ठेवलेल्या असतात.

पावसाळा संपला की एक काम राहतं आणि ते बहुधा कुणी करत नाही. जूनपासून लाटांनी ओढून नेलेली वाळू सप्टेंबरनंतर परत यायला लागते आणि ऑगस्टमध्ये पडून राहिलेले गोळे तिच्याखाली गाडले जातात. पुढच्या वर्षी वाळू हलली की तेच वर येतात आणि नवीन तेल आलं अशी ओरड होते. म्हणून ऑक्टोबरच्या एखाद्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, दोरी टाकलेल्या त्याच जागी, अर्धा मीटर खोल चर खणून बाजू पाहावी. काळा थर असेल तर किती खोल, किती जाड, हे मोजून बाटलीभर नमुना घ्यावा आणि जूनच्या बाटल्यांशेजारी ठेवावा. मग पुढच्या मे महिन्यात गोळे दिसले की ते जुने की नवे, हे तपासून सांगता येईल.